आबकारीवाले आणि आमची फरशी

कुकटपल्लीतल्या आमच्या इमारतीत आबकारी खात्याची जीप आली होती, हे खरं आहे. बाकी मराठी मंडळापासून नामपल्लीच्या पेन्शनर मित्रांपर्यंत जे काही पसरलं आहे, ते निव्वळ कपोलकल्पित आहे. ट्रेझरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेल्या माणसाबद्दल लोक इतकं रंगवून बोलतील असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा झालं ते एकदा मीच सांगून टाकतो, आणि हेच अधिकृत समजावं.

सुरुवात खोकल्यानं झाली. आमची नात तेजश्री, म्हणजे तेजू, तीन वर्षांची. मुलगा मकरंद आणि सून सुप्रिया यांच्याबरोबर ती माधापूरला राहते. दर रविवारी आमच्याकडे यायची, थोडा वेळ बागडायची आणि मग खोकायला लागायची. माधापूरला परत नेली की खोकला बंद. दसऱ्यानंतर सुप्रियाला रोज ऑफिसात जावं लागणार होतं, आणि तेजू दिवसभर आमच्याकडे राहणार हे मी आणि माझी बायको इंदुमती धरूनच चाललो होतो. मी तर तिची दुपारच्या झोपेची जागासुद्धा ठरवून टाकली होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आजीआजोबांच्या घरातले उग्र वास, धूर आणि फवारे या मुलीला सोसत नाहीत.

"बाबा, मी एक डेकेअर बघून ठेवलंय," सुप्रिया म्हणाली. "तुमच्या घरात तिला सूट होत नाही. मी तरी काय करू?"

सख्ख्या आजोबांचं घर नातीला सूट होत नाही! मला ते फार लागलं. डेकेअर सूट होणार आणि मी नाही?

"दसऱ्यापर्यंत थांब," मी म्हणालो. "या घरात केमिकलचा एक थेंब राहिला, तर मला यशवंत म्हणू नकोस."

"मी तसंही तुम्हाला बाबाच म्हणते," ती म्हणाली. पण थांबली. मात्र तोवर तेजूला इकडे आणायचं नाही, रविवारी आम्हीच माधापूरला जायचं, असं ठरलं.

डॉक्टरीणबाईंचं सांगणं दोन वाक्यांचं होतं, पण काम अर्धवट सोडणं आमच्या घराण्यात नाही. आजोबा निजामाच्या मालगुजारीत, वडील हायकोर्टात, मी ट्रेझरीत. मी भिंग घेऊन घरातल्या यच्चयावत बाटल्यांवरचा बारीक मजकूर वाचून काढला. फिनेल, संडासचं ॲसिड, मोगऱ्याच्या वासाचा रूम फ्रेशनर, डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, माझं आफ्टरशेव्ह, इंदुमतीची पावडर. सगळं डायनिंग टेबलावर मांडलं तेव्हा जेवायला ताट ठेवण्यापुरतीही जागा उरली नाही. आपण इतकी वर्षं या सगळ्याच्या मधोमध बसून वरण-भात जेवत होतो, हे बघून मला घाम फुटला.

आता हे टाकायचं कुठे? कचरागाडीवाला म्हणाला, "ॲसिड नक्को." मोरीत ओतणं माझ्या तत्त्वात बसेना. शेवटी समोरच्या फ्लॅटमधले हणमंतराव धावून आले. हे मूळचे उदगीरकडचे, तहसीलमधून निवृत्त झालेले, आणि दुसऱ्याच्या अडचणीत तत्पर.

"इकडं आणा की," ते म्हणाले. "आमच्या घरात कुणालाच खोकला न्हाई."

दोन खेपांत त्यांनी सगळं उचलून नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारातून आमचा मोगरा दरवळायला लागला. निदान दार तरी लावून घेत जा, असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, "वास तर तुमचाच हाय, यशवंतराव. परका का समजायलाव?"

घर रिकामं करणं सोपं होतं. आता एकेका वस्तूला पर्याय शोधायचा होता. डासांसाठी इंदुमतीनं खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. त्यात माझं काही योगदान नाही, त्यामुळे ते काम निर्विघ्न पार पडलं. डांबराच्या गोळ्यांच्या जागी मी कडुनिंबाचा पाला ठेवला. त्या पाल्याबरोबर मुंग्यांचं एक सुखी कुटुंब कपाटात राहायला आलं. त्यांनी इंदुमतीच्या नारायणपेठी साडीत संसार थाटला, आणि आमच्या संसारात दोन दिवस अबोला राहिला. आफ्टरशेव्ह आणि अंगाला मारायचा फवारा यांच्या जागी मी तुरटी आणली. दाढी झाली की गालावर आणि आंघोळ झाली की काखेत. घाम नाही, वास नाही, डबा नाही. माझे वडील आयुष्यभर हेच करत आले आणि हायकोर्टात कुणी त्यांच्यापासून लांब बसलं नाही.

राहिली फरशी. मोबाइलवर शोधता शोधता एका बाईंच्या व्हिडिओतून मला कळलं, की मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी एकत्र करून तीन महिने आंबवलं की फरशी पुसायचं उत्तम द्रावण तयार होतं. वास नाही, विष नाही. त्याला बायोएन्झाइम म्हणतात. मी जूनमध्येच एक बरणी भरून, झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवली. सुरुवातीला झाकण रोज सैल करून आतला वायू सोडायचा असतो, हे त्या बाईंनी व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नव्हता, कारण मुद्दा माझ्या लक्षात आला होता. चौथ्या दिवशी सकाळी बरणीचं झाकण छतावर जाऊन आपटलं आणि सालींचं चारही भिंतींवर समान वाटप झालं. हणमंतराव गॅसचा सिलिंडर फुटला समजून बादली घेऊन धावत आले.

एखादा कच्चा माणूस इथे थांबला असता. पण छत पुसताना मला एक नवाच मुद्दा सुचला. तेजू आमच्या घरात येते ती काही खिडकीतून उडत येत नाही. ती खालच्या व्हरांड्यातून, लिफ्टमधून, पॅसेजमधून येते, आणि तिथे वॉचमन रोज फिनेल ओततो. म्हणजे घर स्वच्छ होऊन भागणार नाही, सगळी इमारत स्वच्छ व्हायला हवी. अख्ख्या इमारतीला पुरेल इतकं द्रावण करायचं तर बरणी कसली पुरते? गच्चीवर दोन मोठे ड्रम लागतील, असा हिशोब निघाला.

गच्ची म्हणजे असोसिएशन, आणि असोसिएशन म्हणजे अध्यक्ष नरसिंहारेड्डी गारू. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कुठल्याही गोष्टीला ते आधी नाही म्हणतात आणि मग ती गोष्ट काय आहे ते विचारतात.

"टेरेस कॉमन एरिया अंडी, यशवंतराव गारू," ते म्हणाले. (तेलुगूत 'अंडी' म्हणजे 'अहो' आणि 'गारू' म्हणजे 'राव'.) "अप्लिकेशन देव. कमिटी में रखते."

मी तीन प्रतींत अर्ज दिला. कमिटीनं विचारलं, हे बांधकाम आहे का? मी लिहून दिलं, ड्रम आहेत, हलवता येतात. कमिटीनं विचारलं, यापासून आग लागेल का? मी लिहून दिलं, फेस येतो, आग लागत नाही. मग सेक्रेटरी सहकुटुंब तिरुपतीला गेले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. मुदतीत नकार आला नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असा अर्थ आम्ही ट्रेझरीत लावत असू. अर्थात फक्त आमच्या सोयीच्या फायलींबाबत. मी ड्रम वर चढवले.

सालींचा प्रश्न रस्त्यावरच्या ज्यूसवाल्यांनी सोडवला. स्कूटरच्या पायाशी मोसंबीच्या सालींची पिशवी, मागच्या सीटवर मोसंबीच्या सालींची पिशवी, अशा अवतारात मी आठवडाभर हिंडलो. एका ज्यूसवाल्यानं कौतुकानं विचारलं, "बकरे कित्ते पाले साब?" मी त्याला बायोएन्झाइम समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बकरीद कु एक हमना बी देव."

गुळासाठी मी बेगम बाजार गाठला. इथे माझी सूक्ष्म दृष्टी कामाला आली. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो उजळ दिसावा म्हणून त्यात पावडर घालतात. केमिकल घालवण्यासाठी केमिकलचाच गूळ वापरायचा? म्हणून मी एका ठोक दुकानातल्या सेठजींकडे सगळ्यात काळा गूळ मागितला.

"काला इच होना?" सेठजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"जित्ता काला, उत्ता अच्छा. दो बोरे देव. और फिटकरी का एक बड़ा डला," मी म्हणालो. आणायला आलोच आहे तर वर्षभराची तुरटी घेऊन ठेवावी, हा संसारी विचार.

सेठजी उठून उभे राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून त्यांनी माझं आधार कार्ड मागितलं आणि नाव, पत्ता, फोन सगळं उतरवून घेतलं. बेगम बाजारात गिऱ्हाइकाची इतकी कदर होते, हे पाहून मला बरं वाटलं.

"कायकु होना साब इत्ता?"

"फर्श धोने कु."

"हौ साब," सेठजी अतिशय शांतपणे म्हणाले, "सब लोगां फर्श इच धोते."

पोती लिफ्टमध्ये चढवताना हणमंतराव भेटले. एका पोत्यातला गूळ आणि पिशवीतली तुरटी बघून त्यांचा चेहराच बदलला.

"यशवंतराव, काय करायलाव हे?"

"फरशीचं पाणी."

"आमच्या गावाकडं ह्या दोन चिजा एका टायमाला आणल्या की माणसं दार लावून घेत्यात. गुडुंबा म्हंजी काय, ठावं हाय का? हातभट्टीची. काळा गूळ अन् तुरटी, ह्याच्याचपासून गाळत्यात."

"मी दारू पीत नाही. त्यामुळे माझा तिच्याशी संबंध येत नाही."

"हे पोलिसाला सांगा."

"हणमंतराव," मी म्हणालो, "मी हयातभर सरकारी नोकरी केली आहे. सरकार मला ओळखतं."

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार समाधानाचे होते. रोज सकाळी गच्चीवर जायचं, झाकणं सैल करायची, काठीनं ढवळायचं. आतून बुडबुडे येत, गोडसर, आंबूस वास सुटे. तो जिन्यानं खाली उतरून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचे, हे मला नंतर कळलं. पण इमारतीतल्या लोकांचं वागणं बदललं, ते मात्र लगेच लक्षात आलं. कधी मान वर करून न बघणारा तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण एकदा लिफ्टमध्ये माझ्याकडे सरकून म्हणाला, "अंकल, सुना आप घर पे इच बनाते बोल के. एक बॉटल मिलता क्या?"

पर्यावरणाची इतकी आस्था तरुण पिढीत! मी अर्धीकच्ची का होईना, एक बाटली भरून दिली आणि बजावलं, "सीधा नक्को. एक ढक्कन और पूरी बाल्टी पानी."

त्यानं त्या बाटलीकडे अतिशय आदरानं पाहिलं. माझी सूचना त्यानं पाळली नसावी, कारण त्यानंतर तो मला पाहिलं की जिन्यानं जायला लागला.

दसरा जवळ आला. बतुकम्माचे, म्हणजे तेलंगणातल्या बायकांच्या फुलांच्या सणाचे दिवस सुरू झाले. संध्याकाळी फेर धरण्यासाठी इमारतीतल्या बायका सकाळपासून गच्चीवर फुलांचे ढीग घेऊन थर रचायला बसत. त्या रविवारी मकरंद आणि सुप्रिया तेजूला घेऊन शेवटचं बघायला येणार होते: घर चालतं की डेकेअरचे पैसे भरायचे. मी पहाटेच उठलो होतो. गच्चीवर, बनियनवर, द्रावण गाळायच्या तयारीत असताना खाली जीप थांबली.

आधी लिफ्टमधून सेंटचा वास बाहेर आला आणि त्याच्या मागून इन्स्पेक्टर. तरुण, कडक इस्त्रीचा, बोलायला सभ्य माणूस. बरोबर दोन शिपाई, आणि रेड्डी गारू. तक्रार कुणी केली ते मी विचारलं नाही. रेड्डी गारू मात्र त्या वेळी पाण्याच्या टाकीकडे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहत होते. पंच म्हणून त्यांना आणि हणमंतरावांना उभं केलं. हणमंतराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सरकारनं वळखलं म्हनायचं."

झाकण उघडलं. इन्स्पेक्टरनी पेल्यात थोडं काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग विचारलं, "भट्टी किधर है?"

"भट्टी नहीं है, साब. ये फर्श धोने का पानी है."

"काला गुड़ कायकु?"

"उसमें केमिकल नहीं रहता."

"और फिटकरी?"

हाच खरा अडचणीचा प्रश्न होता. फरशीच्या पाण्यात तुरटी पडत नाही. तेव्हा खरं तेच सांगणं भाग होतं. "साब, मैं सेंट नहीं मारता. पसीने की वजह से काख में फिटकरी लगाता."

"लगाते? बताव."

"क्या बताऊँ?"

"लगाए सो बताव. हाथ ऊपर करो. दोनों."

आमच्या तीन पिढ्यांत सरकारनं कुणाची काख तपासली नव्हती. फुलं रचणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी दोन्ही हात वर केले. एक शिपाई वाकून जवळ आला, त्यानं वास घेतला आणि साहेबांना म्हणाला, "कुछ बास नहीं आरा सार." तेवढ्यात गच्चीचं दार उघडलं आणि इंदुमती, मकरंद, सुप्रिया आणि सुप्रियाच्या कडेवर तेजू, अशी सगळी माणसं वर आली.

"बाबा!" मकरंद ओरडला. "हे काय? काय केलंत तुम्ही?"

"थांब जरा," मी म्हणालो. "तपास चालू आहे."

इन्स्पेक्टरनी पोती, ड्रम आणि मी यांच्यावरून नजर फिरवली. "साब, सच बोलो. इत्ता माल किसके वास्ते बनाए? गिराक कौन है?"

हात वर असल्यामुळे बोट दाखवता येईना. मी हनुवटीनं दाखवलं. "वो."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. "ये पोट्टी?" इन्स्पेक्टर म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी मोडक्यातोडक्या दख्खनीत सगळं सांगून टाकलं. की ही माझी नात आहे. इथे आली की हिला खोकला येतो. दसरा झाला की ही डेकेअरमध्ये जाणार आणि आम्ही दोघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसणार. मला ही इथे हवी आहे, माझ्यासमोर खेळताना हवी आहे, आणि त्यासाठी लिफ्टपासून गच्चीपर्यंत सगळी इमारत धुवायची माझी तयारी आहे. बोलताना माझा आवाज थोडा फुटला, हे मी नाकारत नाही. पण हात मात्र वरच होते.

सुप्रियाच्या कडेवरून तेजू खाली उतरली आणि "आबा" म्हणत माझ्याकडे धावली. मध्ये इन्स्पेक्टर उभे होते. त्यांच्यापाशी पोचते न पोचते तोच ती थांबली आणि खोकली. मग पुन्हा खोकली. तो खोकला मी कुठेही ओळखेन.

"साब, पीछे हटो!" मी ओरडलो. ट्रेझरीत मार्चअखेरीला लावायचो तो आवाज होता तो.

"क्या?"

"तुम सेंट मारे! पोट्टी कु तकलीफ होती. टंकी के पीछे जाव! पहले जाव, बाद में मेरेकु पकड़ो!"

रेड्डी गारूंनी डोळे मिटले. इन्स्पेक्टरनी माझ्याकडे पाहिलं, त्या खोकणाऱ्या पोरीकडे पाहिलं, आणि शिपायांना घेऊन टाकीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. वारा आमच्या बाजूनं होता. तेजूचा खोकला हळूहळू थांबला.

उरलेला तपास टाकीच्या पलीकडून झाला, त्यामुळे तो ओरडूनच करावा लागला.

"साब! ये बेचे क्या?"

"नहीं बेचा!"

"पीने का है क्या?"

"नहीं! फर्श धोने का!"

"हौ! सिरके के सरीका खट्टा हो गया! दारू नहीं है! लिख लेतूं!"

शेजारच्या इमारतीतले लोकसुद्धा गॅलऱ्यांत आले होते. इतकी जाहीर निर्दोष सुटका मी स्वतः अर्ज करूनही मला मिळाली नसती. नमुन्याची एक बाटली घेऊन आणि "काला गुड़ इत्ता मत लेव साब, पूछ के लेव" असं बजावून तो भला माणूस पलीकडच्या जिन्यानं, आमच्या जवळून न जाता खाली उतरला.

मग सुप्रिया माझ्याजवळ आली. ती काय म्हणणार याचा अंदाज मला होता, आणि ते ऐकायची हिंमत नव्हती.

"बाबा, आम्ही केव्हाचे खाली घरात बसलो होतो," ती म्हणाली. "तेजू सगळ्या खोल्यांमधून लोळून आली. एकदाही खोकली नाही. खरंच, एकदाही नाही."

"फरशी!" मी म्हणालो. "सांगत नव्हतो? बायोएन्झाइम!"

"तुमचं ते पाणी अजून तयार तरी झालंय का?" इंदुमती म्हणाली. "तीन महिने मी नुसत्या पाण्यानं पुसते आहे."

हणमंतराव खोकले. त्यांचा खोकला केमिकलचा नव्हता. मी उत्तर देणार होतो, आणि माझ्याकडे उत्तर होतंही, पण सुप्रिया मधेच बोलली. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"बाबा, हात खाली घ्या आता, आणि हिला घ्या. मी डेकेअरवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगते."

हात अजून वरच आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ते खाली घेतले आणि तेजूला उचललं.